ओठांवरचं रशियन

अमावास्येच्या दिवशी उदगीरकर सरांना बहिरं करायचं, असं आम्ही ठरवलं. कल्पना माझी. त्या वर्गातल्या बहुतेक नसत्या कल्पना माझ्याच असायच्या.

अमावास्याच का, तर त्या दिवशी आमची तांबट आळी बंद. एरवी सकाळी सातपासून दिवेलागणीपर्यंत घराघरात तांब्याच्या पत्र्यावर हातोडे पडत असायचे, आणि रशियनचा वर्ग भरायचा तो नेमका आळीच्या तोंडाशी, वाचनालयाच्या माडीवर. "मोठ्याने बोला, खाली ठोकाठोकी चाललीय," हे सरांचं वाक्य आम्ही रशियनच्या आधी पाठ केलं होतं. अमावास्येला मात्र हातोड्यांना सुट्टी. त्या दिवशी खाली कुत्र्याने कान खाजवला तरी माडीवर ऐकू यायचं.

अशा शांततेत पंधरा जणांनी एकदम तोंडं हलवायची आणि आवाज काढायचा नाही. सर कानात बोट घालून बघणार, आम्ही फिदीफिदी हसणार, सर रागावणार, मग तेही हसणार. एवढीच गंमत.

"आणि नाही हसले तर?" मधुकर म्हणाला. हा मधुकर बोडके मेन रोडवर घड्याळं दुरुस्त करायचा. भित्रा, पण कुठल्याही कटात पहिला.

"नाही हसले तर मी सांगीन की तुझी कल्पना होती."

सत्तर सालची गोष्ट. नाशकाबाहेर एका कारखान्यात रशियन इंजिनियर आले होते, त्यांना दुभाषे हवे होते, म्हणून एका मैत्री मंडळाने हा वर्ग काढलेला. आणि शिकवायला दिगंबर उदगीरकर. मराठवाड्यातला माणूस, सहा वर्षं मॉस्कोत राहून आलेला. आम्हाला तो रशियन पद्धतीने बापाच्या नावासकट हाक मारायचा. माझे वडील दामोदर, तर मी हिरा दामोदरोव्ना. मधुकर सखारामोविच. घरी आईने एकदा "दामोदरोव्ना, भांडी घास" म्हटलं, तेव्हा मला वाटलं झारच्या महालात भांडी घासतेय.

त्या पावसाळ्यात सर तीन महिने गायब होते. बहिणीचं लग्न, म्हणाले.

"तीन महिने लग्न?" मधुकर मला म्हणाला. "बहिणी किती आहेत?"

दिवाळीच्या तोंडावर परत आले ते निम्मे होऊन, आणि येताना एक नवी पद्धत घेऊन. आता सर शिकवणार नाहीत. रोज आमच्यातल्या एकाने शिक्षक व्हायचं, फळ्यापाशी उभं राहून धडा घ्यायचा, प्रश्न विचारायचे, दुसऱ्यांच्या चुका काढायच्या. सर खिडकीच्या कट्ट्यावर बसून बघणार. "मॉस्कोत अन्ना पेत्रोव्नांनी मला असंच शिकवलं," ते म्हणाले. "जो शिकवतो त्यालाच येतं." कुणी सरांना शंका विचारली की उत्तर ठरलेलं, तेही रागावल्यासारखं ओरडून, "आजच्या शिक्षकाला विचार." वह्या मात्र घरी नेऊन लाल शाईने भरून आणायचे.

आणि खरंच आम्हाला यायला लागलं. मला तर जास्तच. माझी पाळी असली की मी नदीचा शब्द शिकवताना गोदावरी एकदा उलटी वाहिल्याची हकीकत सांगायची, माशाचा शिकवताना तो मासा माझ्या मावशीला काय म्हणाला ते. सर वहीत लाल शाईने लिहायचे, "हिरा दामोदरोव्ना, थाप मारायची तर पूर्ण वाक्यात मारावी."

तर ती अमावास्या. माझी पाळी. मी फळ्यावर आठवड्याचे सात वार लिहिले आणि डोळ्यांनी खूण केली. पंधरा तोंडं उघडली. सोमवारपासून रविवारपर्यंत, ओठ, गाल, हनुवट्या, सगळं हललं. आवाज नाही. एका बाकावरचा एकजण हसू दाबताना नाकाने फुसफुसला, तेवढंच. मी हात वरखाली करत ताल देत होते, बँडमास्तरासारखी.

सर कट्ट्यावर बसून बोटाने ताल धरत होते. रविवार झाला. सरांनी मान डोलावली.

"खराशो," म्हणाले. छान, असं. "पण खाली ठोकाठोकी फार आहे. जरा आणखी मोठ्याने."

कुणी हसलं नाही. मधुकर उठून खिडकीशी गेला आणि खाली बघून आला. आळीत चिटपाखरू नव्हतं.

मग मी पुन्हा सोमवार म्हटलं, आणि सगळ्यांनी म्हटलं, मोठ्याने. इतक्या मोठ्याने की खालच्या वाचनालयातले म्हातारे वर बघायला आले.

नातवंडांना ही गोष्ट मी इथवरच सांगते. पुढे सरांच्या कानातून एक मुंगळा निघतो, तो सुटकेस घेऊन रशियाला जातो, तिथे त्याचं लग्न होतं. पोरं हसतात आणि झोपतात. मुंगळा काही निघाला नव्हता.

वर्ग सुटला. मी खडू गोळा करायच्या मिषाने मागे राहिले. मला लाज वाटत होती ती वेगळीच. आमच्या घरात माझे वडील, बापू, पन्नाशीच्या आत ठार बहिरे झालेले. आळीतले निम्मे कर्ते पुरुष तसेच. हातोडा कान खातो, हे आमच्यात पोरांना दात यायच्या आधी कळतं. बहिऱ्याची मान कशी डोलते, कुठे उगीच हसू येतं, हे मी जन्मापासून बघत होते. आणि समोरच्या माणसात दोन महिने मला ते दिसलं नव्हतं. कारण तो शिकलेला होता, कोटात होता, मॉस्कोहून आला होता.

सर वह्या बांधत होते. त्यांनी वर पाहिलं तेव्हा मी खोलीच्या या टोकाहून, आई बापूंशी बोलते तशी, नुसत्या ओठांनी म्हटलं, "सर, आमची आळी आज बंद आहे."

त्यांनी वह्या खाली ठेवल्या.

"कधी कळलं?"

"आत्ता."

"सगळ्यांना?"

मी हो अशी मान हलवली.

ते कट्ट्यावर बसले. बोलले ते फारच मोठ्याने, आणि मला तेव्हा समजलं की दिवाळीपासून सर रागाने ओरडत नव्हते, त्यांना स्वतःचाच आवाज सापडत नव्हता. "छाती खराब झाली होती, हिरा दामोदरोव्ना. बहिणीचं लग्न नव्हतं. नव्वद सुया घेतल्या. छाती बरी झाली, सुयांनी कान गेले. डॉक्टर म्हणाला, सौदा वाईट नाही."

"मंडळाला सांगा ना."

"काय सांगू? तुमचा भाषेचा मास्तर बहिरा आहे?" ते हसले. "फेब्रुवारीत मुंबईहून परीक्षक यायचेत. त्यांचा शेरा चांगला आला तर मंडळ मला कायम करणार, कारखान्याची माणसंही याच वर्गात येणार. नाही आला, तर उदगीरला मामाचं कापसाचं जिनिंग आहे. सरकीची पोती वाहून न्यायला सांगायचं, त्याला कान लागत नाहीत. रशियन तर मुळीच नाही."

मी म्हटलं, ओठांनी, सावकाश, "आमच्या घरी आवाजाने कुणी बोलत नाही. आई हातोड्यांच्या मधून बापूंना अख्खं भांडण ऐकवते, आणि बापू उत्तर देतात. मी शिकवीन तुम्हाला."

"तू? मला?"

"जो शिकवतो त्यालाच येतं."

दुसऱ्या दिवसापासून वर्ग सुटल्यावर अर्धा तास आमचा दुसरा वर्ग भरायला लागला. दार सताड उघडं आणि दारात मधुकर, कारण एकटी पोरगी मास्तरांपाशी थांबते म्हटल्यावर आळीतल्या जिभा हातोड्यांपेक्षा जोरात चालल्या असत्या. मधुकर तिथे घड्याळं उघडून बसायचा.

"मी काय राखणदार आहे?" तो कुरकुरायचा. "सरांना सांग, मला भूक लागलीय."

मी सरांकडे वळून ओठांनी म्हणायची, "मधुकर म्हणतो, तुमची प्रगती छान आहे."

"त्याचा चेहरा तसं म्हणत नाही," सर म्हणायचे.

आमच्यातल्या बायकांचे याचे नियम असतात. उजेड बोलणाऱ्याच्या तोंडावर पाहिजे. वाक्याचं शेपूट गिळायचं नाही. बोलताना हसायचं नाही, ओठ ताणले की शब्द पळतो. आणि ऐकणाऱ्याने ओठांकडेच बघत बसायचं नाही, डोळे आणि गळा पण बघायचा. सर हुशार. मराठी पंधरा दिवसांत जमलं. मी बिनआवाजाची गोष्ट सांगायची, त्यांनी ती मोठ्याने परत सांगायची.

"तुझ्या आजोबांनी घडवलेल्या हंड्यात... वऱ्हाड लपलं?"

"हो."

"किती माणसं?"

"बावन्न. आणि एक घोडा."

"घोडा खोटा वाटतो."

"म्हणजे वऱ्हाड खरं वाटलं?"

सर खो खो हसायचे, आणि दारातून मधुकर म्हणायचा, "हळू, खाली म्हातारे आहेत."

रशियन ओठांवर आणायला मात्र जीव गेला. त्यातले निम्मे आवाज घशात आणि दातांमागे. मी घरी आरशापुढे उभी राहून तोंडं करायची. आई म्हणाली, "हिला झपाटलंय." बापूंनी मला दुरून पाहिलं आणि म्हणाले, "नाही, काहीतरी सांगतेय, पण कुणाला ते कळत नाही."

त्या दिवसांत संध्याकाळी सर दमले की अन्ना पेत्रोव्नांचं सांगायचे. मॉस्कोतल्या त्यांच्या पहिल्या हिवाळ्यात हा एकोणीस वर्षांचा पोरगा वसतिगृहाच्या जिन्यात बसून रडत होता. भाषा येईना, कोबीचा वास सोसेना. अन्ना पेत्रोव्ना त्याची भाषेची बाई. साठीची, एकटी, युद्धात नवरा आणि मुलगा दोन्ही गेलेली. ती त्याला हाताला धरून घरी घेऊन गेली, चहात मुरंबा घालून दिला, आणि स्वतःला रशियन येत नाही असं सोंग घेऊन बसली. स्वयंपाकघरातली एकेक वस्तू उचलून विचारायची, याला काय म्हणतात, शिकव मला.

"मी चुकीचं सांगितलं की ती चुकीचंच शिकायची," सर म्हणाले. "आणि दिवसभर तसंच बोलायची. बाजारात, ट्राममध्ये. लोक हसायचे तिला. मला लाज वाटून मी बरोबर शब्द शोधून आणेपर्यंत ती तसंच बोलायची."

"म्हणजे माझ्यासारखीच थापाडी," मी म्हटलं.

"तुझ्याहून मोठी. मला आई आठवत नाही, हिरा दामोदरोव्ना. मी जे काही बोलतो ते तिच्या तोंडून आलंय."

दर महिन्याला तिचं पत्र यायचं. दिवाळीपासून नव्हतं आलं.

"पोस्टमन दाराशी हाक मारून गेला असेल," सर म्हणाले. "मला ऐकू आलं नसेल."

"तो दाराखालून आत टाकतो, सर."

"हो. तरी."

फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात परीक्षक आल्या. चिटणीस बाई. पांढरी सुती साडी, जाड काड्यांचा चष्मा, आणि जिना चढल्यावर जराही धाप नाही. आमची सगळी आखणी झाली होती. आजची शिक्षक मी. मी फळ्यापाशी, उजेड तोंडावर. सर कट्ट्यावर, माझ्या समोर. बाईंचं टेबल मध्ये, पण जरा बाजूला, म्हणजे त्या सरांशी बोलल्या की त्यांची नजर सरांकडे असणार आणि माझं तोंड त्यांना दिसणार नाही. बाई जे बोलतील ते मी त्यांच्या मागोमाग ओठांनी सरांपर्यंत पोचवायचं.

बाई आत येताच म्हणाल्या, "उदगीरकर, ओळखलंत का?"

मी ओठांनी तेच म्हटलं. सरांचा चेहरा उजळला, पण तो ओळखूनच. "चिटणीस. एकसष्ट सालची तुकडी. तुमचे बूट चोरीला गेले होते."

"मुलांसमोर काय सांगता." बाई वर्गाकडे वळल्या. "आम्ही दोघं एकाच बाईंच्या हाताखालून गेलोय. त्यांच्या वर्गात खिडकीबाहेर बघितलं की खडू डोक्यावर यायचा."

वर्ग हसला. मी सरांना दिलं, सरही हसले, अर्ध्या क्षणाने मागे. बाईंच्या लक्षात आलं नाही.

मग मी धडा घेतला. बाजाराचा. मधुकर भाजीवाला झाला, दुसरी एकजण गिऱ्हाईक. घासाघीस झाली, मी चुका काढल्या. बाई मधूनमधून सरांना रशियनमध्ये काही विचारत होत्या. ही पद्धत का, भित्र्या मुलांचं काय, व्याकरण कधी. मी फळा पुसायच्या निमित्ताने, खडू उचलायच्या निमित्ताने, दर वेळी तोंड सरांकडे करून ओठ हलवत होते. एकही शब्द सांडला नाही. सर उत्तरं देत होते, भरभरून, आणि किती सुंदर बोलत होते ते मला त्या दिवशी पहिल्यांदा समजलं, कारण तोवर मला समजण्याइतकं रशियन आलं होतं. घाम माझ्या पाठीवरून खाली चालला होता. मधुकर टमाटे समजून खडू विकत होता.

तासभराने बाईंनी कागद पुढे ओढला. मी जवळच होते, मला दिसलं. "अत्युत्तम" असं त्यांनी लिहिलं, खाली दोन ओळी, सही केली, पेनाचं टोपण लावलं. संपलं.

कागद घडी करता करता, मान खाली, मराठीत, हलक्या आवाजात बाई म्हणाल्या, "उदगीरकर, तुम्हाला कळलंच असेल. अन्ना पेत्रोव्ना गेल्या. नोव्हेंबरात. झोपेतच."

सर माझ्याकडे बघत होते. कागदावरची सही त्यांनीही पाहिली होती. त्यांचा चेहरा असा उघडा होता, आता बाई काय म्हणाल्या ते ऐकायला आतुर, लहान पोरासारखा.

मला काय झालं ते आजही नीट सांगता येत नाही. शब्द होते, ओठांवर होते. गेल्या. इतका सोपा शब्द, दुरूनही कळणारा. मी तोंड उघडलं आणि म्हटलं, "अन्ना पेत्रोव्ना बऱ्या आहेत. तुमची फार आठवण काढतात."

सर मोठ्याने हसले.

"मला माहीतच होतं," ते बाईंना म्हणाले. "पत्र नाही म्हणून मी उगीच घाबरलो होतो. म्हटलं रागावल्या की काय म्हातारबाई. अजून चहात मुरंबा घालतात का?"

बाईंचा हात कागदावर थांबला. त्यांनी चष्म्यावरून सरांकडे पाहिलं.

"काय म्हणालात?"

हे मी पोचवायला हवं होतं. माझे ओठ हलेनात.

"मी त्यांना एक हंडा पाठवणार आहे," सर सांगत होते, तसेच हसत. "इथला, तांब्याचा. या हिराचे वडील घडवतात. बावन्न माणसं मावतात त्यात, आणि एक घोडा."

मधुकरने हातातले खडू खाली ठेवले. बाई उठल्या. टेबलाला वळसा घालून त्या सरांच्या मागे खिडकीपाशी गेल्या आणि उभ्या राहिल्या.

"उदगीरकर," त्या म्हणाल्या. आणि मग, "दिगंबर."

सर माझ्याकडे बघून हसत होते. वाट बघत होते, पुढचं वाक्य मी कधी देते याची.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या तोंडाकडे. "तू सांगत होतीस त्यांना?"

"हो."

"सगळं?"

"हो."

"आणि हे?"

मी फळ्याकडे तोंड फिरवलं. बाई टेबलाशी आल्या, पुन्हा बसल्या. त्यांचे डोळे भरले होते, पण आवाज सरळ होता. "पुढच्या वर्षी या मुलांची तोंडी परीक्षा आहे. त्यांचे उच्चार कोण ऐकणार? मला लिहावं लागेल, बाळ. मला न लिहून चालणार नाही." त्यांनी टोपण काढलं आणि "अत्युत्तम"वर एक रेघ मारली. पुन्हा एक, पहिली नीट बसली नाही म्हणून.

ते सरांना दिसलं. ते कट्ट्यावरून उतरले. "काय झालं? हिरा, काय म्हणाल्या त्या?"

बाई निघताना त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या, त्यांचे दोन्ही हात हातात घेतले, आणि जिना उतरून गेल्या. पोरंही एकेक करून गेली. मधुकर दारात थांबला, मग त्यानेही चपला घातल्या.

आठवड्याभरात मंडळाने वर्ग बंद केला. सर उदगीरला गेले, मामाच्या जिनिंगवर. मी कारखान्यात दुभाषी झाले, तीस वर्षं होते, हे सगळं नंतरचं. त्या संध्याकाळी माडीवर आम्ही दोघंच होतो आणि खाली आळीत हातोडे चालले होते.

सर पुन्हा कट्ट्यावर बसले. "सांग," म्हणाले. "जे म्हणाल्या ते. जसंच्या तसं."

मी उजेडात उभी राहिले आणि सांगितलं. उदगीरकर, तुम्हाला कळलंच असेल. अन्ना पेत्रोव्ना गेल्या. नोव्हेंबरात. झोपेतच.

सर ओठांकडे बघत होते. संपल्यावरही बघत राहिले.

"नोव्हेंबरात?"

"हो."

"म्हणजे मी इथे परत आल्यावर."

"हो, सर."

"आणखी काही म्हणाल्या?"

"नाही. एवढंच."

"आणि मी हसलो," सर म्हणाले.

मी सांगू लागले, एकदम, आवाजासकट, आमचे नियम विसरून. की त्यांना धक्का बसला असता, की बाईंसमोर बिंग फुटलं असतं, की कायमची नोकरी हातात आली होती ती गेली असती, की नंतर सांगणार होते, आजच, घरी जायच्या आधी.

त्यांनी हात वर केला. "शेरा लिहून झाला होता, हिरा. सही झाली होती. मी रडलो असतो तर ती पण रडली असती. दोन जुने विद्यार्थी, बाईसाठी रडतायत. कुणाला काही कळलं नसतं."

मी हातावरचा खडू पुसला.

"बातमी माझी होती," सर म्हणाले. त्यांचा आवाज पहिल्यांदा हळू आला, इतका हळू की मलाच पुढे वाकावं लागलं. "तुझ्या गोष्टींतली नव्हती. माझी होती."

आणि त्यांनी डोकं खिडकीच्या चौकटीला टेकवलं आणि डोळे मिटून घेतले.

मी म्हटलं, "चुकले, सर." मग मोठ्याने म्हटलं. मग पुढे जाऊन, उजेड तोंडावर घेऊन, आई म्हणते तसं ओठांनी म्हटलं, मराठीत आणि रशियनमध्ये, वाक्याचं शेपूट न गिळता. सरांनी डोळे उघडले नाहीत. दिवे लागायची वेळ झाली तसे खालचे हातोडे एकेक करून थांबले, आणि मी तिथेच उभी राहून म्हणत होते.